कांदा, कमळ आणि तात्या

माणसानं मत कशाला द्यावं, पक्षाला की कांद्याच्या भावाला? २०२४ च्या उन्हाळ्यात दिंडोरीच्या पारावर हा विषय रोज निघायचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. ती उठली ४ मेला, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. आमचं मतदान २० मेला. भारती पवार केंद्रात राज्यमंत्री, समोर शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे सर. मंत्रीणबाई लाखाहून जास्त मतांनी पडल्या.

कांद्यानं पाडलं, असं सगळे म्हणाले. खरंच आहे ते. पण आमच्या चुलत्यांनी, तात्यांनी, लाल कांदा मातीमोल विकूनही कमळच दाबलं. मी म्हटलं, "तात्या, कांदा तुमचाच होता ना हो?" म्हणाले, "भाव हंगामाला बदलतो. मी बी तसाच बदलत राहिलो, तर मला माणसात कोण धरील?"

याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. मला जमत नाही. पक्ष म्हणजे त्यांची तीस वर्षांची ऊठबस. कुणाच्या मयतीला कोण आलं, तिथपर्यंतची.

पण निष्ठा ठेवायची तरी कशावर? भारतीताई २०१४ ला घड्याळावर लढल्या, २०१९ ला कमळावर निवडून आल्या. पुढं घड्याळच अजितदादांकडं गेलं. शरद पवारांच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला, तर नुसती तुतारी घेऊन भगरे आडनावाचेच एक अपक्ष उभे. त्यांनाही लाखावर मतं! त्यातली चुकून किती, ते यंत्रालाच ठाऊक.

आणि नोव्हेंबरात? याच दिंडोरीनं नरहरी झिरवाळांना घड्याळावर निवडून दिलं, म्हणजे निर्यातबंदीवाल्यांच्याच युतीत. बाहेरचे याला धरसोड म्हणतात. आमची वहिनी म्हणाली, "कांद्याचं दिल्लीत ठरतं, दाखल्यावर सही गावाकडं लागते. दोन कामं, दोन मतं." मला तरी यात बेइमानी दिसत नाही.

मला खटकतं ते तात्यांचं मत. नुकसान सोसून दिलेलं ते मत यंत्रात खुशीच्या मतासारखंच मोजलं गेलं. त्यांची तक्रार पक्षाला कळायची, तर मत काढून घ्यायला हवं होतं, आणि ते त्यांच्यानं होत नाही. ४ जूनला निकाल लागत होता, गावात गुलाल उडत होता. तात्या चाळीत बसून सडका कांदा निवडत होते. मी गेलो तर म्हणाले, "बस, हात लाव जरा."