बिनविरोध

१५ जानेवारी २०२१ला हिवरे बाजारमध्ये ग्रामपंचायतीसाठी मतदान झालं. यात बातमी कुठे आहे, असं नगर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला वाटेल. त्या टप्प्यात राज्यातल्या चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. पण हिवरे बाजारात सुमारे तीस वर्षांत पहिल्यांदाच मतदान यंत्र आलं होतं. १९९०च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले आणि तेव्हापासून गाव निवडणूक बिनविरोध करत आलं. या वेळी मात्र काही जणांनी समोरून अर्ज भरले. निकाल लागला तेव्हा पोपटरावांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या होत्या. तरी बातम्यांचा सूर असा होता की आदर्श गावाला गालबोट लागलं.

मला तो सूर तेव्हापासून खटकतोय. मतदान झालं यात गालबोट कसलं?

आपल्याकडे 'बिनविरोध' हा शब्द कौतुकाचा आहे. गाव बिनविरोध झालं की फ्लेक्स लागतात, गुलाल उधळतात. त्याच निवडणुकीच्या वेळी पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना २५ लाखांचा निधी जाहीर केला होता. गुजरातने तर २००१पासून 'समरस' नावाची योजनाच काढली आहे. यामागचा विचार अगदीच खोटा नाही. निवडणूक लागली की गावात काय होतं ते मी लहानपणापासून बघतोय. मटणाच्या पंगती, रात्री-अपरात्री वाटप, आणि मग पाच वर्षं एकमेकांच्या दहाव्यालाही न जाणारी भावकी. शहरात माणूस मत देतो आणि घरी जातो. गावात ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याच बांधावरून दुसऱ्या दिवशी शेतात जावं लागतं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात आहे. तिथे कसलं बक्षीस जाहीर झालेलं नव्हतं, तरी त्या वर्षी बिनविरोध करायचं ठरलं. कुणी ठरवलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. लॉकडाऊनमुळे मी गावीच होतो, माळवदावर नेटवर्क शोधत वर्क फ्रॉम होम करत होतो. माझ्या चुलतीने अर्ज भरला होता. वस्तीवरच्या नळाला पाणी येत नाही, एवढाच तिचा मुद्दा होता. माघारीच्या आदल्या संध्याकाळी चार जण आले. ओट्यावर बसले, चहा घेतला. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. गावाचं नाव होईल, खर्च वाचेल, तुमचं काम आम्ही करू, असं बोलणं झालं. उठताना एक जण सहज म्हणाला, "वहिनी, तुमची पाइपलाइन आमच्याच बांधावरून जाते ना?"

४ जानेवारीला तिने अर्ज मागे घेतला. गाव बिनविरोध झालं.

ही धमकी होती का? कोर्टात उभं केलं तर नव्हती. त्या माणसाने फक्त एक खरी गोष्ट सांगितली होती. आणि अडचण हीच आहे, की बाहेरून बघणाऱ्याला आमचं गाव आणि हिवरे बाजार सारखंच दिसतं. दोन्हीकडे जागा तेवढेच अर्ज. माझ्या कामातही हे रोज दिसतं. कोड रिव्ह्यूला टाकला आणि दोन मिनिटांत एकही कमेंट न येता अप्रूव्ह झाला, तर एक तर कोड खरंच चांगला असतो, नाहीतर तो कुणी उघडलेलाच नसतो. स्क्रीनवरची हिरवी खूण दोन्ही वेळा तीच.

हिवरे बाजारात संमती खरी होती असं मला वाटतं, पण त्याचं कारण बिनविरोध निवडणूक नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पोट भरायला गाव सोडावं लागलेली माणसं तिथे आहेत. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी पाणी पिणारी पिकं नाहीत, यंदा पाणी किती आणि त्यात कोणती पिकं बसतात याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा, असे नियम गावाने स्वतःला घालून घेतले. बोअर घेऊ नको असं शेतकऱ्याला सांगणं म्हणजे थेट त्याच्या खिशात हात घालणं. तरी ते नियम टिकले, कारण दरवर्षी उघड बसून चर्चा होत होती आणि विहिरीतली पातळी सगळ्यांना दिसत होती. संमती तिथे पाण्यावर तयार झाली. निवडणुकीला अर्ज कमी आले हा तिचा परिणाम. आम्ही मात्र नक्कल करताना तो परिणामच तेवढा उचलला.

जपानमध्ये ओइता प्रांतात हिमेशिमा नावाचं एक बेटावरचं गाव आहे. वस्ती दोनेक हजारांची, धंदा कोळंबीचा. तिथे गावप्रमुख थेट लोकांनी निवडायचा असतो. १९५५च्या निवडणुकीने गाव उभं फाटलं, आणि नंतर पुन्हा ते नको म्हणून ६१ वर्षं तिथे या पदासाठी मतदानच झालं नाही. १९६०पासून आधी वडील आणि १९८४पासून मुलगा, असं पद एकाच घरात राहिलं. कारभार वाईट होता असं नाही. पगार कमी ठेवून जास्त लोकांना गावच्या कचेरीत नोकरी द्यायची, ही त्यांची पद्धत जपानभर अभ्यासली गेली. २०१६मध्ये अखेर एकाने समोर अर्ज भरला. जिंकले जुनेच प्रमुख. पण विरोधातही शेकड्यांनी मतं पडली. ती माणसं काही २०१६मध्ये आकाशातून पडलेली नव्हती.

गुप्त मतदानाचं मोल मला इथे कळतं. ग्रामसभेत हात वर करून 'नाही' म्हणायला पाइपलाइन पणाला लावावी लागते. मतदान यंत्रापुढच्या पुठ्ठ्याच्या आड ती लावावी लागत नाही. चुलतीला ओट्यावर जे बोलता आलं नाही, ते वस्तीवरच्या चाळीस बायकांना तिथे एक बोट दाबून बोलता आलं असतं.

मतदान झालं की सगळं सुरळीत, असं मी म्हणत नाही. नगर महापालिकेत डिसेंबर २०१८मध्ये ६८ जागांपैकी सर्वाधिक २४ शिवसेनेला मिळाल्या, भाजपला १४. महापौर भाजपचे बाबासाहेब वाकळे झाले, तेही १८ नगरसेवकांच्या राष्ट्रवादीने साथ दिली म्हणून. पक्षाने नंतर त्या नगरसेवकांवर कारवाई केली, पण महापौर राहायचा तो राहिला. तिथे लोकांनी भरभरून मतं दिली होती आणि शेवटचा हिशेब दुसऱ्यांनीच केला. पण त्या व्यवहारावर शिव्या देता आल्या, कारण आकडे समोर होते. आमच्या गावात शिव्या द्यायला आकडाच नाही.

बिनविरोधाचा भाव तर त्याच जानेवारीत उघड झाला. नाशिकमधलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे सरपंचपदाचे चक्क लिलाव झाल्याचं समोर आलं, उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली, आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. हा पैसा देवळासाठी होता असं सांगितलं गेलं. असेलही. चाळीस बायकांच्या वतीने देवळाला देणगी कुणी दिली, एवढंच विचारायचं.

नोव्हेंबर २०१८मध्ये याच आयोगाने ठरवलं की स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. मग एकच अर्ज उरला तरी यंत्र लावायला काय हरकत आहे? एक नाव आणि खाली नोटा. हिवरे बाजारसारखं गाव असेल तर अर्ध्या तासात निकाल लागेल आणि गुलालही उधळता येईल. खर्च वाढेल, हे मान्य. आमच्याकडे मोजायचं ठरलं तर शाळेची एक खोली, एक दिवस आणि चार-पाच कर्मचारी. तेवढ्यात वस्तीवरच्या नळाचं काम झालं नसतं, हे मात्र नक्की.