केवड्याची साक्ष

शिवपुराणातली ही कथा आपल्या ऐकण्यातली आहे. श्रेष्ठ कोण, यावरून ब्रह्मदेव आणि विष्णू यांचा वाद पेटला. तेव्हा मध्ये अग्निस्तंभ उभा राहिला. विष्णू वराह होऊन खाली गेले. तळ लागला नाही, असे सरळ सांगितले. ब्रह्मदेव हंस होऊन वर गेले. टोक त्यांनाही सापडले नाही, पण तसे म्हणवेना. वाटेत भेटलेल्या केवड्याला त्यांनी साक्षीला उभे केले.

ब्रह्मदेवांचा मोह समजतो. सृष्टी घडवणाऱ्याला 'जमले नाही' म्हणणे जडच जाणार. प्रश्न पडतो तो केवड्याचा. त्याला काय मिळायचे होते? काही नाही. मोठ्यांना नाही कसे म्हणायचे, एवढेच.

बँकेत ३४ वर्षे जामीनदारांच्या तोंडून हेच ऐकले, "साहेब, त्यांचा शब्द मोडवत नाही हो." आणि कागद न वाचताच सही! खोटे एकट्याने उभे राहत नाही, त्याला भिडस्त साक्षीदार लागतो.

ब्रह्मदेवांचे पाचवे मस्तक गेले, तरी दत्तमूर्तीत आपण त्यांना हात जोडतोच. केवडा मात्र शिवपूजेत वर्ज्य ठरला. म्हणून या दत्तजयंतीला एवढेच मागू या: भीड पडेल तेव्हा 'मी पाहिले नाही' म्हणण्याचे बळ दे.

श्रीगुरुदेव दत्त!