60 रुपयांची सीडी

"मामा, ही चोरीची आहे का?"

गेल्या दिवाळीत इंदिरानगरच्या घरी भाच्यानं हा प्रश्न विचारला, तेव्हा मी फरशीवर बसून जुन्या डेस्कटॉपशी झटापट करत होतो. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला. 2013च्या त्या मशीनला विंडोज 11 चालत नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं होतं. आईनं माळा साफ करताना सीड्यांचं पाऊच खाली काढलं आणि त्यात 'आर्केनम' सापडला. निळ्या मार्करनं लिहिलेलं नाव, त्यातही स्पेलिंग चुकलेलं. भाचा सहावीत आहे. सीडी नावाची वस्तू त्यानं बहुधा पहिल्यांदाच नीट हातात घेतली होती. पण ही दुकानातली खरी नाही, हे त्याला लगेच कळलं.

2003मध्ये मी आठवीत होतो. इंदिरानगरहून मुंबई नाका आणि तिथून सायकल रेटत शालिमार. तिथल्या एका गाळ्यात काउंटरखालून गेम्सची झेरॉक्स यादी निघायची. नाव सांगायचं, 15 मिनिटांनी यायचं, सीडी गरम असतानाच हातात. 60 रुपये. ते मी सायन्सच्या जर्नलसाठी म्हणून घरून घेतले होते, म्हणजे चोरी एकच झाली नव्हती. ओरिजिनल गेम नाशकात कुठे मिळतो हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं, हेही सांगायला हवं.

ती सीडी लिनक्सवर चालली ती वाइनमुळे. (नाशिककराला लगेच दिंडोरीची द्राक्षं आठवतील, तर ती वाइन नव्हे.) विंडोजसाठी लिहिलेला गेम विंडोजकडे सतत काहीतरी मागत असतो. ही फाइल उघड, हा आवाज वाजव, हे चित्र दाखव. लिनक्सला ती भाषा कळत नाही. वाइन मध्ये बसते आणि प्रत्येक मागणी लिनक्सकडून पुरी करून घेते. गेमनं 'सी ड्राइव्ह' मागितला की एक साधा फोल्डर पुढे करते. बिचाऱ्या गेमला वाटत राहतं की आपण विंडोज एक्सपीवरच आहोत. पहिल्यांदा स्क्रीन काळी पडली. मग सेटिंगमध्ये 800 बाय 600चा वेगळा डेस्कटॉप दिला, आणि ते हवाई जहाज कोसळण्याचं दृश्य सुरू झालं. आर्केनमची सुरुवात अशी होते: अपघातातून आपण एकटेच वाचतो, आणि मरायला टेकलेला एक बुटका म्हातारा आपल्या हातात चांदीची अंगठी ठेवतो. ती ज्याची त्याला पोचवायची. पुढचा सगळा गेम त्या दुसऱ्याच्या वस्तूमागे फिरतो. आठवीत मला यात काही विशेष वाटलं नव्हतं.

वाइनचं काम 1993मध्ये सुरू झालं आणि 1.0 आवृत्ती निघाली 2008मध्ये. 15 वर्षं! त्यातलं कितीतरी काम लोकांनी नोकरी सांभाळून, फुकट केलेलं आहे. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. ज्यानं मायक्रोसॉफ्टचा विंडोजचा मूळ कोड पाहिला आहे, त्याचं काम वाइनमध्ये घेत नाहीत. विंडोज बाहेरून कसं वागतं ते बघायचं आणि तसंच वागणारं काहीतरी स्वतः लिहायचं. म्हणजे दुसऱ्याच्या वहीत नुसतं डोकावलेल्यालाही ज्यांनी शेजारी बसू दिलं नाही, त्यांच्या खांद्यावर माझी ढापलेली सीडी नाचत होती.

याच्या उलट बाजूही आहे. त्या काळातल्या बऱ्याच गेम्सच्या सीडीवर 'सेफडिस्क' नावाचं कुलूप असायचं. 2015मध्ये विंडोज 10 आलं आणि सुरक्षेच्या कारणावरून त्या कुलपाला लागणारा ड्रायव्हर त्यात ठेवलाच नाही. ज्यांनी पैसे मोजून तशी ओरिजिनल डिस्क घेतली होती ते दाराबाहेर, आणि ज्यांनी कुलूप तोडलेली कॉपी घेतली होती ते आत. जुने गेम पायरसीनं वाचवले असं लोक म्हणतात, ते यामुळे. त्यात तथ्य आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012मध्ये आलेलं कलम 65अ सुद्धा कुलूप तोडण्यामागचा हेतू विचारतं: हक्क मारण्याच्या हेतूनं तोडलं तर गुन्हा. स्वतः विकत घेतलेल्या गेमचं कुलूप तोडणाऱ्याची बाजू मला पूर्ण पटते. माझी बाजू ती नव्हती. मी 60 रुपयांत काही जतन करायला गेलो नव्हतो, मला सुट्टीत खेळायचं होतं.

मग माझ्याकडे एकच बचाव उरला: पैसे देणार कुणाला? आर्केनम बनवणारी ट्रॉइका ही कंपनी 2005मध्ये बंद पडली. प्रकाशक सिएरा विवेंडीकडे होती. 2008मध्ये विवेंडीचा गेम्सचा धंदा आणि ॲक्टिव्हिजन एक झाले, आणि 2023च्या ऑक्टोबरमध्ये ॲक्टिव्हिजन मायक्रोसॉफ्टनं घेतली. गेम आज ऑनलाइन विकत मिळतो, पण विंडोज सोडून लिनक्सवर खेळण्यासाठी दिलेल्या पैशांतला वाटा शेवटी मायक्रोसॉफ्टकडेच जाणार. मी हसलो. भाचा हसला नाही. तो म्हणाला, "पण बिल्डिंग विकली तरी भाडं द्यावं लागतंच की." (त्याचे बाबा भाड्याच्या घराला कंटाळलेत, हा विषय त्यांच्याकडे रोज असतो.)

मी त्याला ऋषिऋणाची गोष्ट सांगून पाहिली. ऋषींचं देणं ऋषींना परत करायचं नसतं, शिकून पुढच्याला शिकवायचं असतं. वाइनवाले तेच करतात असं मला मनापासून वाटतं. पण बोलतानाच लक्षात आलं की हे तत्त्वज्ञान मला जरा जास्तच सोयीचं आहे. ज्ञान पुढे द्यायचं, हे शालिमारचा तो गाळेवालाही म्हणू शकला असता. त्यानं दिलंही, 60 रुपये घेऊन. शिवाय 'मिळतच नाही' हे कारण 2003मध्ये निदान अर्धं खरं होतं. आज तो गेम फोनवरून 2 मिनिटांत विकत घेता येतो. कारण संपलं आणि सवय राहिली.

त्या रात्री गेम विकत घेतला. वाइनच्या प्रकल्पालाही तेवढेच पैसे पाठवले. त्यानं जर्नलचे 60 रुपये फिटत नाहीत. ते मी आईला दुसऱ्या दिवशी सांगितले, तर ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं," आणि चकल्या तळायला गेली.

भाच्यानं अर्ध-ओगर निवडला, बुद्धी अगदी कमी ठेवली. आता गेममधली माणसं त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलतात, याच्यावर तो तासभर हसत होता. मग त्यानं डाउनलोडचा फोल्डर उघडून पाहिला.

"मामा, याला तर लॉकच नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये माझा मित्र आहे, त्याला पेनड्राइव्हवर देऊ?"

मी जरा थांबलो. मग म्हटलं, त्याला इथेच बोलाव खेळायला.