तांबडी शाई

लेखकाच्या हस्तलिखितावर संपादकाने तांबडी शाई चालवली, तर त्यात रागावण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले म्हणून कोणाची अब्रू जात नाही. शिवाय मी शाळामास्तर. वह्या तपासण्यात माझी निम्मी हयात गेली. तरीही एक प्रश्न मनातून हलत नाही : दुसऱ्याचे वाक्य सुधारताना आपण नेमके काय सुधारतो?

नियम हवेत, याबद्दल वाद नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली सरकारने मान्य केले. १९७२ साली आणखी ४ आले. उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार त्यामुळे गेले. आमच्या तळ्याच्या मुलाला नागपूरचे पुस्तक अडखळल्यावाचून वाचता येते, हे त्या शिस्तीचेच उपकार. माझ्या हातून काना राहून गेला आणि संपादकाने तो घातला, तर मी त्यांचा ऋणी आहे.

पण माझ्या एका कादंबरीत खाडीकाठची एक म्हातारी आहे. ती 'मना पानी दे' म्हणते. पुस्तक छापून आले तेव्हा ती 'मला पाणी दे' म्हणत होती! संपादकांनी मला विचारलेही नव्हते. म्हातारीची तहान तीच राहिली. पण बिचारी एका रात्रीत पुण्याला राहायला गेली. आता ही चूक सुधारली म्हणायची, की माणूस बदलला म्हणायचे?

ही गोष्ट आजची नाही. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या व्याकरणाची यथेच्छ थट्टा केली. शास्त्रीबोवांची विद्वत्ता खोटी नव्हती. पण व्याकरणाच्या चुका मोजून झाल्या, तरी जोतीरावांनी विचारलेले प्रश्न होते तिथेच राहिले. शुद्धतेचा आग्रह कधीकधी न ऐकण्याची सोय होऊन बसतो, ती अशी.

उलट, एकनाथ महाराजांकडे पाहा. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत पुष्कळ अपपाठ शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली. स्वतः एवढे मोठे कवी. पण आपली ओवी तीत घालण्याचा मोह त्यांना झाला नाही, आणि इतरांनाही त्यांनी तसे न करण्याविषयी बजावले. दुसऱ्यांचे जे शिरले ते काढायचे आणि ज्ञानदेवांचे ज्ञानदेवांना परत द्यायचे, एवढेच त्यांनी केले.

तळ्याजवळच कुड्याची लेणी आहेत. तिथे कोणा फुलमाळ्याने, कोणा वैद्याने, कऱ्हाडच्या कोणा लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाचे लेख इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत कोरले गेले. भाषा प्राकृत, लोकांच्या तोंडची. असे लेख वाचणारे पंडित अक्षर जसे असेल तसे उतरवून घेतात. कोरणाऱ्याची चूक वाटली, तर आपले मत खाली टीपेत देतात. छिन्नी घेऊन दगड कोणी दुरुस्त करीत नाही. दगडाला मिळणारा हा मान जिवंत माणसाच्या बोलण्याला का मिळू नये?

मी वर्गात 'पाणी'च शिकवतो. मुलाला उद्या अर्ज लिहायचा आहे, परीक्षेला बसायचे आहे. प्रमाण भाषा ही त्याच्या हक्काची शिदोरी आहे. पण दिवाळीच्या सुटीचा अभ्यास म्हणून 'आजीची एक गोष्ट तिच्याच शब्दांत लिहून आणा' असे सांगितले, की त्या वह्यांवर मी तांबडी शाई उघडत नाही. एखादा शब्द अडलाच, तर मुलाला विचारतो, "आजी असंच म्हणाली का रे?" तो "हो गुरुजी" म्हणाला, की पुढे वाचू लागतो.