वाट कोणाची?

पावसाळा सरला की मुलांना तुंगारेश्वरच्या जंगलात जरूर न्यावे. वळण टाळून लोक सरळ उतरतात, तेथे गवत मरते, माती सुटते आणि पुढच्या पावसात पायवाटेचा ओहोळ होतो. हे मुलांना तेथे डोळ्यांनी दिसते.

मग मूल विचारते, ‘वाट इतरांनी मोडली, आपण का जपायची?’ अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, घरे बांधूनच माणूस गवंडी होतो. तसाच न्यायाने वागूनच न्यायी होतो. वळणावरूनच चालणारे, दुसऱ्याने टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी उचलणारे मूल न्याय हाताने शिकत असते. मागून येणारा वाटसरू त्याला कधी भेटणार नाही, आभारही मानणार नाही. तरी तोही आपला शेजारीच, नाही का?