राम मंदिरची ओळ

डोळे मिटा. बोरिवलीहून सुटलेल्या स्लो लोकलमध्ये खिडकीशी बसला आहात असं समजा. घाई नाही. श्वास सावकाश येऊ द्या, सावकाश जाऊ द्या.

स्टेशनं मनात म्हणा. बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरी. वर्षानुवर्षं ही सहा नावं तोंडपाठ होती. 22 डिसेंबर 2016 रोजी गोरेगाव आणि जोगेश्वरीच्या मध्ये राम मंदिर आलं. सहाची सात झाली.

आता हीच यादी जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये पाहा. फिल्टर लिहिलात, चर्चगेटपासूनच्या अंतरानुसार उतरता क्रम लावलात. अजून डेटाबेसला काही कळलेलं नाही. क्वेरीसेट म्हणजे तयार करून ठेवलेला प्रश्न. लूप सुरू झाला की तो विचारला जातो, ओळी येतात आणि क्वेरीसेट त्या स्वतःपाशी जपून ठेवतो. इथे क्षणभर थांबा.

समजा, आलेल्या ओळींत राम मंदिर नाही. हात अपेंडकडे जातो. क्वेरीसेटला अपेंड नसतं, एरर येते. मग त्याची लिस्ट करून नाव जोडता. ते अंधेरीच्याही खाली जाऊन बसतं. पडद्यावर सात नावं दिसतात, बरं वाटतं. त्या बरं वाटण्याकडे शांतपणे पाहा. टेबलात अजून सहाच आहेत. दुसऱ्याच्या फोनवरही सहाच.

स्वतःला विचारा: ही ओळ कशासाठी? ड्रॉपडाउनच्या माथ्यावर 'सर्व स्टेशनं' हवं असेल, तर लिस्टमध्ये निःशंक जोडा. ती मांडणी आहे, टेबलात तिचं काम नाही. घाटकोपर, मुलुंडची वेगळी यादी सोबत हवी असेल, तर 2017 मध्ये 1.11 आवृत्तीत आलेलं युनियन आहे. दोन्ही याद्या डेटाबेसच एकत्र करतो, तंतोतंत सारख्या ओळी एकदाच देतो. पण तिथे गाडी खरोखर थांबत असेल, तर क्रिएट वापरा. ओळ टेबलात लिहा, तिच्या अंतरासकट.

मग पुन्हा विचारा. हातातला क्वेरीसेट जपलेल्या सहाच ओळी दाखवेल. त्यावर ऑल लावा, प्रश्न नव्याने जाऊ द्या. या वेळी राम मंदिर अंधेरीखाली नाही. गोरेगावनंतर, जोगेश्वरीच्या आधी, स्वतःच्या जागी आहे. कुणी हाताने सरकवलेलं नाही.

श्वास सोडा. गाडीचा वेग कमी होतोय. पुढील स्टेशन, राम मंदिर. दाराशी उभी असलेली बाई पिशवी सावरते आणि उतरते. तिच्या पायाखाली फलाट आहे.

डोळे उघडा.