परतीचे तिकीट आणि ‘करिष्ये’

परदेशी शिकावयास जाणारा विद्यार्थी परत येईल की नाही, हे आज व्हिसा अधिकारी विचारतो. पण हा प्रश्न मुळात संकल्पाच्या स्वरूपाविषयीचा आहे, आणि त्याची एक जुनी, उलटी बाजू धर्मशास्त्रात सापडते. विद्यार्थ्याकडून परतीचे तिकीट सर्वच देश मागतात असे नाही. पुष्कळदा परतीच्या भाड्याइतके पैसे दाखवले तरी भागते. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्यातील कलम २१४ (ब) मात्र, अर्जदार कायम राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरते आणि ते गृहीतक खोडून काढण्याचा भार त्याच्यावरच टाकते. निफाडच्या द्राक्षबागेचा सातबारा, घराची कागदपत्रे, बँकेतील ठेव, हे सारे त्यासाठी गोळा होते. या कागदांवरून मागे काय उरले आहे एवढे कळते, जाणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. आणि तिकीट तर रद्दही करता येते.

मनातला हेतू शब्दांत बांधून घेण्यासाठी कर्मकांडाने योजलेला विधी म्हणजे संकल्प. नाशिकच्या रामकुंडावर यजमान उजव्या तळहातावर पाणी घेतो. उपाध्याय देशकालाचा उच्चार करतात, म्हणजे गोदावरीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीला हे कर्म होत आहे ते सांगतात. मग गोत्र, नाव आणि कर्माचे प्रयोजन येते, आणि अखेर ‘करिष्ये’ म्हणून पाणी ताम्हणात सोडले जाते. (रकाने भरून घेण्यात उपाध्याय कोणत्याही दूतावासाला हार जाणार नाहीत.) ‘करिष्ये’ हे रूप भविष्यकाळाचे असले तरी ते भाकीत नव्हे, कर्त्याने या क्षणी स्वतःला बांधून घेतल्याचा तो उच्चार आहे. त्यामुळे कर्म पुढे घडले नाही एवढ्याने तो खोटा ठरत नाही. उच्चारतानाच मनात नसेल तर ठरतो. शिकून झाल्यावर नोकरी लागली, विवाह झाला आणि विद्यार्थी तिकडेच राहिला, तर संकल्प मोडला असे म्हणावे, असत्य बोलला असे म्हणता येणार नाही. पण स्थायिक होण्याचे घरातूनच ठरवून निघालेला जो व्हिसाच्या खिडकीपाशी ‘परत येईन’ म्हणतो, तो पुढे काही कारणाने परत आला तरी त्याचे बोलणे खोटेच राहते.

धर्मशास्त्राने प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमन पातकांत गणले आहे. पण अधिक बोचरा नियम कलिवर्ज्यांतला, म्हणजे पूर्वी मान्य असूनही कलियुगात टाकून द्याव्यात अशा गोष्टींच्या यादीतला आहे. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त या यादीची बारकाईने छाननी केली आहे. नौकेने समुद्र ओलांडलेल्या द्विजाचा, त्याने प्रायश्चित्त घेतले तरी, ‘संग्रह’ करू नये, असे हा नियम सांगतो. संग्रह म्हणजे पंक्तीत आणि व्यवहारात परत घेणे. येथे पापापेक्षा परतीवर रोख आहे: पाप धुतले जाऊ शकते, तरी दार उघडायचे नाही. अधिकाऱ्याला भीती न परतणाऱ्याची. या नियमाला भीती परतणाऱ्याची.

नाशिकला या नियमाची कसोटी जुलै १८९१ मध्ये लागली. १८८८ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाले, तेव्हा मुंबईतील मोढ वाणी ज्ञातीच्या शेठनी त्यांना बहिष्कृत केले आणि त्यांना मदत करणाऱ्यास किंवा निरोप देण्यास बंदरावर जाणाऱ्यास सव्वा रुपया दंड ठरवला. गांधींनी मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य करण्याचे वचन आईला दिले होते. पण ज्ञातीला त्या वचनाशी कर्तव्य नव्हते. ते परतल्यावर थोरल्या भावाने राजकोटला नेण्याआधी त्यांना नाशिकला आणून गोदावरीत स्नान घडवले. गौतम ऋषींनी गोहत्येच्या पातकातून सुटण्यासाठी जी नदी ब्रह्मगिरीवर आणली असे पुराणे सांगतात, त्या नदीपाशी प्रायश्चित्तासाठी येणे रीतसरच होते. पुढे राजकोटला ज्ञातिभोजन झाले.

एवढे होऊनही संग्रह अर्धाच झाला. ज्ञातीत दोन तट पडले. एकाने गांधींना लगेच घेतले, दुसऱ्याने कधीच नाही. सासरी आणि बहिणीच्या घरी त्यांना पाणीसुद्धा पिता येत नव्हते. ती मंडळी लपून पाहुणचार करायला तयार होती. पण जे उघडपणे करायचे नाही ते चोरून करणे गांधींना मानवले नाही.